मीटर रूम ते पार्किंग: मधल्या 30 मीटरचं काय करायचं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: "आम्ही ठाण्यात मानपाड्याला सातव्या मजल्यावर राहतो. दोन महिन्यांपूर्वी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली, बॅटरी 3 युनिटची आहे. ऑफिस ऐरोलीला, रोजचं जाऊन-येऊन 35 किलोमीटर होतं. स्टिल्टमधलं पार्किंग सोसायटीने लेखी दिलेलं आहे, पण तिथे प्लग नाही. म्हणून पंप रूमबाहेरच्या कॉमन प्लगला एक्स्टेन्शन लावून रात्रभर चार्ज करत होते. गेल्या आठवड्यात पिन काढताना हाताला चटका बसला, सॉकेटभोवती तपकिरी डाग दिसला. सेक्रेटरी काकांनी प्लग बंद केला आणि ग्रुपवर लिहिलं की यातून आग लागेल, शिवाय ही वीजचोरी आहे. माझ्या मीटरवरून लाइन ओढायला कमिटी एनओसी देत नाही. भाऊ म्हणतो, बॅटरी काढून घरात चार्ज कर. कायदा माझ्या बाजूने आहे ना? काय करू?"

ताई, आधी त्या तपकिरी डागाचं बोलू. एनओसी महिनाभर उशिरा आली तरी चालेल, पण हे आजच बघायला हवं.

तुमच्या स्कूटरचा चार्जर साधारण 650 ते 750 वॉटचा असणार. म्हणजे तो 3 अँपिअरच्या आसपास करंट घेतो, घरातल्या मिक्सरइतकाच. एवढ्याने चांगला सॉकेट कोमट होईल, चटका बसण्याइतका तापणार नाही. फरक एवढाच की मिक्सर दोन मिनिटं फिरतो आणि चार्जर तासन्‌तास चालतो. सॉकेटच्या आतली पितळी पट्टी सैल झालेली असेल, मागचा स्क्रू ढिला असेल किंवा पंप रूमच्या ओलीने पट्टीवर हिरवट गंज चढला असेल, तर पिन आणि पट्टी नीट टेकत नाहीत. जिथे टेकत नाहीत तिथेच उष्णता होते, त्या उष्णतेने पट्टीचा ताण जातो, पिन आणखी सैल बसते आणि उष्णता आणखी वाढते. प्लास्टिक तपकिरी दिसायला लागलं की हे चक्र बरंच पुढे गेलेलं असतं. सेक्रेटरी काकांनी प्लग बंद केला, ते बरोबरच केलं.

तो सॉकेट नुसता घट्ट करून चालणार नाही. एकदा तापून ढिली झालेली पट्टी पुन्हा ताण धरत नाही, सॉकेट बदलावाच लागतो. तुमच्या चार्जरची पिनही उजेडात धरून बघा. पिनेवर काळा थर किंवा खड्डे पडले असतील तर तीच पिन पुढचा नवा सॉकेटही जाळेल. हलका थर असेल तर चार्जर पूर्ण सुटा करून बारीक पॉलिश पेपरने पुसता येतो. खड्डे असतील तर सर्व्हिस सेंटरमधून कॉर्ड बदलून घ्या. आणि ते एक्स्टेन्शन आता गाडीसाठी नकोच. त्यातली वायर बहुधा बारीक असते आणि गुंडाळलेलं भेंडोळं तसंच ठेवून चालवलं तर उष्णता बाहेर जायला वाटच राहत नाही.

भावाचा सल्ला ऐकायला सोपा वाटतो, पण तो मानू नका. बॅटरी काढता येत असली तरी ती वर नेऊन कुठे ठेवणार? जवळजवळ प्रत्येक फ्लॅटमध्ये तिला जागा मिळते ती मुख्य दाराजवळ, चपलांच्या स्टँडशेजारी, कारण आतपर्यंत उचलून न्यायचा कंटाळा येतो. काही बिनसलं तर सातव्या मजल्यावरून बाहेर पडायची वाट नेमकी तिथेच अडते. लिथियम बॅटरीची वाफ विषारी असते आणि बंद घरात ती मिनिटभरात भरते. स्टिल्ट निदान चारी बाजूंनी मोकळा असतो. गाडी खालीच चार्ज व्हायला हवी, नीट ओढलेल्या लाइनवर.

आता कायद्याचं. हो, तुमची बाजू भक्कम आहे. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने 14 जानेवारी 2022च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सांगितलं आहे की गाडीचा मालक आपल्या घरच्या सध्याच्या वीज कनेक्शनवर गाडी चार्ज करू शकतो. सप्टेंबर 2024 मध्ये आलेल्या नव्या सूचनांनीही तेच धोरण कायम ठेवलं. फेब्रुवारी 2024 मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांचे नियम सुधारले गेले, त्यात तर गाडी चार्ज करण्यासाठी वेगळं कनेक्शन मागण्याचीही सोय आली. दराचंही कोडं नाही. घरच्या मीटरवर स्वतःची गाडी चार्ज केली तर दर घरगुतीच लागतो.

पण वीज तुमची असली, मीटर तुमचं असलं, तरी मीटर रूमपासून पार्किंगपर्यंतची भिंत सोसायटीची आहे. स्टिल्ट पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही, ते इमारतीच्या सामाईक जागेचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच स्पष्ट केलं. म्हणजे वायर कुठून न्यायची, कशातून न्यायची, कोणाकडून बसवायची, हे विचारायचा कमिटीला पूर्ण अधिकार आहे. आमच्या मते सरकारी धोरणातली मोठी उणीव इथेच आहे. दिल्लीने हक्क दिला, पण त्या मधल्या 30 मीटरचा प्रश्न प्रत्येक कमिटीवर सोपवला, आणि कमिटीत बसलेली माणसं काही इलेक्ट्रिकल इंजिनिअर नसतात. राज्याने एक पानाचा ठरावीक नमुना काढायला हवा: अमुक केबल, अमुक ब्रेकर, अमुक उंची, एवढं पाळलं तर परवानगी नाकारता येणार नाही. ठाणे, नवी मुंबईतल्या शेकडो सोसायट्यांमधली भांडणं त्या एका पानाने मिटतील. ते येईपर्यंत तो कागद तुम्हीच तयार करून कमिटीसमोर ठेवा. कलमं दाखवली की माणसं अडून बसतात. आराखडा दाखवला की निदान त्यावर प्रश्न विचारतात, आणि प्रश्नांना उत्तरं देता येतात.

तर लाइन अशी घ्या. मीटर रूममध्ये तुमच्या मीटरच्या पुढे, म्हणजे घराकडे जाणाऱ्या बाजूला, तुमचा मेन स्विच असेल. पार्किंगची लाइन त्याच्या पुढून निघेल. मीटरच्या सीलला वायरमनने हातही लावायचा नाही. ते महावितरणचं आहे आणि सील छेडणं हा विद्युत कायदा 2003 प्रमाणे गुन्हा आहे. मेन स्विचशेजारी एक छोटी डीबी, म्हणजे ब्रेकरची पेटी, बसवा. तिच्यात 16 अँपिअरचा, सी कर्व्हचा, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा ब्रेकर) आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की पडणारा ब्रेकर) हवा. दोन्ही कामं एकाच तुकड्यात करणारा आरसीबीओ मिळतो, तोही चालेल. दुकानात आरसीसीबी मागताना 'टाइप ए' असं सांगून मागा. साधा 'टाइप एसी' स्वस्त पडतो, पण चार्जरसारख्या इलेक्ट्रॉनिक उपकरणातून गळणारा करंट नेहमी शुद्ध एसी नसतो आणि साध्या तुकड्याला तो ओळखता येईलच असं नाही.

केबल तांब्याची घ्या. स्कूटरपुरतं बोलायचं तर 2.5 चौरस मिलिमीटर पुरते. 30 मीटर अंतरावर 3 अँपिअरला व्होल्टेज जेमतेम दीड व्होल्टने उतरतं. तरीही 4 चौरस मिलिमीटरच टाका. उद्या घरात इलेक्ट्रिक कार आली तर तिच्यासोबत येणारा पोर्टेबल चार्जर 15 अँपिअरच्या आसपास ओढतो. तेव्हा 2.5च्या केबलमध्ये साडेसहा व्होल्ट खाली जातील, 4च्या केबलमध्ये चारच. भिंत, पाइप, मजुरी सगळं तेच राहतं, फरक पडतो तो फक्त तांब्याच्या किमतीचा. 7 किलोवॉटचा वॉल चार्जर मात्र या लाइनवर चालणार नाही. त्याला जाड केबल, वेगळा ब्रेकर आणि बहुतेक वेळा वाढीव मंजूर भार लागतो.

स्टिल्टमध्ये गाड्यांचे आरसे आणि हँडल भिंतीला घासत असतात, म्हणून हाताच्या उंचीपर्यंत केबल जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपमधून किंवा आर्मर्ड, म्हणजे धातूचं कवच असलेली, घ्या. वर छताला लागून जड पीव्हीसी कंड्यूट चालेल. मध्ये कुठेही जोड नको. मीटर रूमपासून सॉकेटपर्यंत एकच सलग तुकडा, हे वायरमनला आधीच सांगून ठेवा. सॉकेट औद्योगिक, धातूच्या खोक्यातला, झाकणाचा, 16 अँपिअरचा, जमिनीपासून निदान 1.2 मीटर वर. पावसाळ्यात घोडबंदर पट्ट्यातल्या किती स्टिल्टमध्ये घोट्यापर्यंत पाणी येतं ते तुम्ही पाहिलंच असेल. खोक्याला कुलूप लावा, म्हणजे दुसऱ्या कोणाची गाडी तुमच्या बिलावर चार्ज होणार नाही आणि मुलंही हात घालणार नाहीत. चार्जर जमिनीवर न ठेवता टांगता यावा म्हणून शेजारी एक हुक मारा.

दोन चुका वायरमन हमखास करतात. पहिली: फेज तुमच्या मीटरवरून आणतात, पण तार वाचवायला न्यूट्रल मात्र स्टिल्टच्या कॉमन लाइटमधून उचलतात. तसं केलं की जाणारा करंट एका वाटेने आणि येणारा दुसऱ्या वाटेने वाहतो. आरसीसीबीला तो गळतीच वाटतो आणि तो लगेच पडतो. मग 'ब्रेकर खराब आहे' म्हणत तो काढून थेट जोड दिला जातो, आणि शॉकपासून वाचवणारी एकुलती एक वस्तू निघून जाते. लाइन सुरू करताच आरसीसीबी पडला तर आधी न्यूट्रल तपासायला सांगा.

दुसरी चूक अर्थिंगची. बरेच स्कूटर चार्जर अर्थ नीट नसेल तर सुरूच होत नाहीत किंवा लाल दिवा दाखवतात, आणि लोक चार्जरला दोष देतात. काम संपल्यावर वायरमनच्या हातात मल्टिमीटर असतानाच तीन आकडे तुमच्यासमोर घ्या. फेज ते न्यूट्रल 230च्या आसपास हवा, फेज ते अर्थही जवळपास तेवढाच हवा, आणि न्यूट्रल ते अर्थ 2-3 व्होल्टच्या आत. फेज ते अर्थ 120-150 दाखवत असेल तर अर्थची तार जमिनीपर्यंत पोहोचतच नाही. तेव्हा मीटर रूममधली अर्थची पट्टी आणि खाली मातीतला खड्डा दोन्ही बघावे लागतील. तो खर्च सोसायटीचा आहे, आणि तुमची स्कूटर नसती तरी तो करावाच लागला असता, कारण लिफ्ट आणि पंपही त्याच अर्थवर अवलंबून आहेत.

काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच घ्या आणि शेवटी टेस्ट रिपोर्ट मागा. कमिटीला पटवताना हा एक कागद दहा युक्तिवादांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

भाराची चिंता कोणी काढली तर महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' बघा. तिथे तुमचे किलोवॉट छापलेले असतात. स्कूटरचा पाऊण किलोवॉट त्यात सहसा सामावतो. दीड टनाचा एसी आणि 2 किलोवॉटचा गीझर एकाच वेळी चालवत असाल आणि मंजूर भार कमी असेल, तर महावितरणच्या अ‍ॅपवरून भार वाढवून घ्या. (कळवा-मुंब्र्याच्या वाचकांनी हेच टोरेंटकडे करायचं, तिकडचं वितरण 2020 पासून त्यांच्याकडे आहे.)

'रात्रभर गाडी चालू असते' ही सेक्रेटरी काकांची तक्रार गणिताने मिटेल. 35 किलोमीटरला तुमची स्कूटर बॅटरीतून साधारण 1.2 युनिट घेते. चार्जरमधली घट धरून भिंतीतून 1.3 च्या आसपास जातात. म्हणजे रोजचं चार्जिंग दोन तासांचंच आहे. घरी आल्यावर बॅटरी गरम असते, अर्धा-पाऊण तास निवू द्या, मग लावा आणि साडेदहाच्या आत काढून टाका. सगळे जागे असताना चार्जिंग उरकतं, रात्री दोन वाजता कोणाला धावायची वेळ येत नाही. चार्ज होत असताना गाडीवर कव्हर टाकू नका. सुरुवातीचे काही दिवस अर्ध्या तासाने पिनेला हात लावून बघा: कोमट ठीक, धरवत नसेल तर काम परत करून घ्या. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा, तो पडायलाच हवा.

बिल किती वाढेल? 25 दिवसांचे 30-35 युनिट धरा. महावितरणचे घरगुती स्लॅब 100, 300 आणि 500 युनिटला बदलतात, आणि वरचा दर फक्त वरच्या युनिटना लागतो, सगळ्या बिलाला नाही. घरात 270 युनिट जळत असतील तर गाडीमुळे पाचेक युनिटच वरच्या स्लॅबमध्ये जातील. मे महिन्यात एसीमुळे 420 वर गेलात तर गाडीचे सगळे युनिट तिथल्या दराने लागतील. तरी पेट्रोलशी तुलना करून बघा, तुम्हाला वेगळं सांगायला नको. 'कॉमन मीटरवर सबमीटर बसवा' असा तोडगा कोणी सुचवला तर नम्रपणे नको म्हणा. लिफ्ट आणि पंपामुळे कॉमन मीटर आधीच सगळ्यात वरच्या स्लॅबमध्ये असतो, तिथलं प्रत्येक युनिट महाग पडतं आणि दर महिन्याला हिशेबाचं भांडण होतं.

आगीच्या भीतीला हसू नका, ती पोकळ नाही. 2022च्या उन्हाळ्यात स्कूटर पेटल्याच्या बातम्या सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यानंतर दुचाकींच्या बॅटरीसाठी एआयएस-156 हे मानक कडक करण्यात आलं आणि ते 1 डिसेंबर 2022 आणि 31 मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झालं. तुमची गाडी त्यानंतरची आणि नंबर प्लेटची आहे. आरसीची प्रत अर्जाला जोडा. खरी काळजी करावी ती नंबर नसलेल्या, ताशी 25 किलोमीटरच्या आतल्या गाड्यांची, ज्यांत नंतर कुठूनतरी आणलेला, लेबल नसलेला लिथियम पॅक बसवलेला असतो. अशी बॅटरी स्टिल्टमध्ये चार्ज करू न देण्याचा नियम कमिटीने केला तर त्याला पाठिंबा द्या. आणि वॉचमनला एवढं शिकवून ठेवा: बॅटरीतून शिट्टीसारखा आवाज किंवा पांढरी वाफ आली तर गाडीजवळ जायचं नाही, मीटर रूममधला तो एमसीबी खाली पाडायचा, माणसं लांब करायची आणि 101 लावायचा. भिंतीवरचं पावडरचं सिलिंडर ज्वाळा दाबतं, पण बॅटरी आतून थंड करत नाही. ती पुन्हा पेटू शकते, ते काम अग्निशमन दलाच्या भरपूर पाण्याचं आहे.

अर्ज एका पानाचा करा. त्यात फ्लॅट आणि पार्किंग क्रमांक, महावितरणचा ग्राहक क्रमांक, भार 0.75 किलोवॉट, केबल, एमसीबी आणि आरसीसीबीची मापं, केबलच्या वाटेचं हाताने काढलेलं चित्र, कंत्राटदाराचा परवाना क्रमांक असू द्या. शेवटी दोन वाक्यं हवीत: सगळा खर्च माझा, आणि पार्किंग बदललं तर लाइन काढून भिंत पूर्ववत करून देईन. 'पुढच्या कमिटी बैठकीत निर्णय घेऊन लेखी कळवावं' असं लिहा आणि पोच घ्या. नकार आला तर कारणही लेखीच मागा. लेखी कारण हातात असेल तर पुढे सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे तक्रार नेता येते. त्याआधी सोसायटीत आणखी कोणाकडे इलेक्ट्रिक गाडी आहे का ते विचारा. चार-पाच अर्ज एकत्र गेले तर सगळ्यांसाठी मीटर रूमपासून एकच केबल ट्रे टाकता येतो, आणि एक पंचमांश सभासदांनी सह्या केल्या तर त्यासाठी विशेष सर्वसाधारण सभाही मागता येते.

राहिला तो चोरीचा शब्द. तो लागला असणारच. पण दोन महिने वीज कॉमन मीटरवरूनच गेली, हेही खरं आहे. तेव्हा 70 युनिट धरा, सोसायटीच्या कॉमन बिलावरचा सगळ्यात वरच्या स्लॅबचा दर घ्या, त्यात वहन आकार (वीज वाहून आणण्याचा दर युनिटमागचा आकार) मिळवा, गुणाकार अर्जाच्या मागच्या बाजूला लिहा आणि तेवढ्या रकमेचा चेक अर्जाला टाचून सेक्रेटरी काकांच्या हातात द्या. पावती मागायला विसरू नका.